सोडायचाच होता तर धरलास कशाला?

माझी आत्या वारकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ आली त्या दिवशी तिच्या ताटातून मासे गेले, पण घरातल्या बाकीच्यांसाठी बांगड्याचं तिखलं ती अजूनही स्वतः करते. मी पूर्णगडच्या कातळावर गरवायला जातो, त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. एकदा मात्र मोठा जिताडा धरून, मोजून, परत पाण्यात सोडल्याचं मी तिला मोठ्या समाधानाने सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अरे, सोडायचाच होता तर धरलास कशाला? खायला धरला असतास तर मला कळलं असतं."

मी हायस्कुलात संस्कृत शिकवलं. प्रश्न पडला की पोथ्या उघडायच्या ही जुनी सवय आहे, पण या प्रश्नाला नुसत्या पोथ्या पुरत नाहीत. मुचकुंदी नदी पूर्णगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. तिथलं भरती-ओहोटीचं पाणी, गरीला लागलेला मासा, तो सोडवणारे माझे हात, हे सगळंच त्या प्रश्नात येतं.

अलीकडे शनिवार-रविवारी कोल्हापूर-पुण्याकडची तरुण मुलं रॉड घेऊन आमच्या कातळांवर येतात. चांगली मुलं आहेत. कचरा टाकत नाहीत, लाटेचा अंदाज घेऊन उभी राहतात, ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, टाकण्यात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत. बहुतेक जण धरलेला प्रत्येक मासा सोडतात. फोटो काढायचा, सोडायचा, पुन्हा टाकायचं. आपण कुणाला मारत नाही, म्हणजे आपला हा छंद अहिंसक आहे, अशी त्यांची मनापासून समजूत आहे. जो मासा घरी नेऊन खातो तो त्यांच्या लेखी जरा मागासलेला. आत्याचा प्रश्न नेमका या समजुतीवर बोट ठेवतो.

माशाला वेदना होते का, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे. जेम्स रोझ यांनी 2002 मध्ये मांडलं की माणसाला वेदनेची जाणीव ज्या मेंदूच्या भागामुळे होते तो भागच माशाला नाही, तेव्हा गळाला लागलेल्या माशाची धडपड ही केवळ प्रतिक्रिया असते. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू त्यांना सापडले. ओठात मधमाशीचं विष किंवा अॅसिटिक आम्ल टोचल्यावर ते मासे बराच वेळ खायला आले नाहीत, तळाशी डोलत राहिले, आणि आम्ल टोचलेले काही मासे तर ओठ खड्यांवर घासत राहिले. मॉर्फीन दिल्यावर हे वागणं कमी झालं. वाद अजून चालू आहे. पण मी गरी जिथे अडकवतो ती जागा नेमकी तीच, ओठाची. संशयाचा फायदा कुणाला द्यायचा, मला की त्या माशाला, हे मला प्रयोगशाळा सांगणार नाही. ते मीच ठरवायचं आहे, आणि मी तो माशाला देतो.

स्वित्झर्लंडमध्ये सोडण्याच्याच हेतूने मासे धरायला कायद्याने बंदी आहे. जर्मनीचा प्राणिसंरक्षण कायदा म्हणतो की पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला मारायचं किंवा त्याला मोठ्या यातना द्यायच्या तर सबळ कारण हवं. पोट भरणं हे कारण तिथे मानलं जातं, निव्वळ मौज सहसा मानली जात नाही. पावसच्या मठात पारायणाला बसणारी माझी आत्या आणि तिकडचे कायदे करणारे लोक एकाच ठिकाणी येऊन पोचले, याचं मला फार अप्रूप वाटलं.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं विवेचन चांगलंच लांबवर चालतं. एका जिवाला वाचवायला दुसऱ्याचा घात करायचा आणि त्याला अहिंसा म्हणायचं, ही रीत ज्ञानदेव यज्ञाच्या आणि औषधोपचाराच्या उदाहरणांनी तपासतात आणि ती त्यांना पटत नाही. मग ते अहिंसा दाखवतात ती माणसाच्या चालण्यात, बोलण्यात, पाहण्यात, हातांच्या हालचालीत. मी ते वाचतो तेव्हा मला आधी गरी टोचणारे आणि मग हलकेच पाण्यात सोडणारे हात दिसतात. त्या सोडण्याला दया म्हणायला माझी जीभ धजत नाही. इजा मीच केली आहे. ती थांबवली तर ते माझं कर्तव्य झालं, त्याचं पुण्य माझ्या खात्यावर कसं जमा होईल?

मग मासे धरणंच सोडावं का? आत्यासारखी माळ घालावी? हा रस्ता खरा आहे आणि त्यावरून चालणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मी त्यावरून गेलेलो नाही. माझ्यासारख्याला महाभारतातला धर्मव्याध जवळचा वाटतो. वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकायला मिथिलेत येतो, आणि त्याला पाठवलेलं असतं ते मांस विकणाऱ्या एका व्याधाकडे. तो व्याध त्याला सांगतो की नांगर चालतो तेव्हा मातीतले असंख्य जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे, माणूस नुसता चालला तरी पायाखाली काही ना काही मरतंच. पूर्ण अहिंसक असा जगात कुणी नाही. पण जो झटतो, त्याच्या हातून होणारी हिंसा कमी होत जाते.

हा उपदेश मला फार आधार देतो, पण त्याच्या आड लपायला मात्र जागा देत नाही. मांस विकणं हा त्या व्याधाचा कुळात चालत आलेला व्यवसाय होता, आणि तो स्वतः प्राणी मारत नव्हता. मला पेन्शन मिळते. ताजा मासा हवा असेल तर तो रत्नागिरीच्या बाजारात मिळतो. रापण ओढणाऱ्याला, होडी घेऊन जाणाऱ्याला पोटाचं कारण आहे, माझ्याकडे ते नाही. म्हणून मच्छीमाराला जो नियम लागू आहे त्याहून कडक नियम हौशी माणसाने स्वतःला लावायला हवा, असं माझं ठाम मत आहे. बाहेर चित्र उलटं आहे. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन कोळी बांधव पुन्हा दर्यावर जातात. कातळावर रॉड घेऊन उभ्या असलेल्या मला त्या काळात कुणी हटकत नाही. आणि नेमका तोच काळ जिताड्याच्या विणीचा.

जिताड्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण धर्माचा प्रश्न इथे माशाच्या शरीरात जाऊन पोचतो. मालवण-गोव्याकडे ज्याला चोणक म्हणतात तोच हा. तो आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून काढल्यावर, बराच मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. पावसाळ्याच्या सुमाराला हे मासे खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात, अंडी घालतात, आणि पिल्लं खाडीत, कांदळवनात शिरून वाढतात. म्हणजे ज्या भल्यामोठ्या जिताड्यासोबत फोटो काढायला सगळे धडपडतात, ती जवळपास नेहमी मादी असते, लाखो अंड्यांची धनीण. गोबऱ्याचं याच्या उलट. त्याच्या बहुतेक जाती आधी मादी असतात आणि मोठेपणी त्यातल्या काही नर होतात. मोठे गोबरे वेचून मारत गेलं तर माद्या उरतात आणि नर संपत जातात.

2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमासा घोषित केलं, आणि पिल्लांची मासेमारी रोखायला अनेक जातींचे किमान आकार ठरवून दिले. ते उत्तमच झालं. पण जिताड्यासारख्या माशाला वरची मर्यादाही हवी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 58 सेंटिमीटरच्या आतला आणि 120 सेंटिमीटरच्या वरचा जिताडा ठेवता येत नाही. पिल्लू सोडायचं आणि आईही सोडायची. इथे सोडण्याला अर्थ येतो. हा मासा माझा नव्हताच, चुकून माझ्या गरीला आला, तो समुद्राला परत देणं मी लागतो.

शतपथ ब्राह्मणातली मनूची कथा मला याच कारणासाठी प्रिय आहे. सकाळी हात धुताना मनूच्या हातात एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मोठे मासे आम्हा लहानांना गिळतात. मनू त्याला आधी भांड्यात, मग खड्ड्यात वाढवतो आणि मोठा झाल्यावर समुद्रात सोडतो. पुढे प्रलयात तोच मासा त्याची नाव ओढतो. कातळावर येणाऱ्या त्या तरुण मुलांपैकी एकाला मी ही कथा सांगितली, तर तो आनंदाने म्हणाला, "काका, म्हणजे मनूनेही मासा सोडलाच की!" सोडला, पण मनूने गळ टाकला नव्हता. मासा शरण आला होता, आणि मनूने त्याला वाढवण्याचे कष्ट घेतले होते.

सोडायचा तर नीट सोडायला हवा, नाहीतर ती नुसती लांबवलेली हत्या होते. कोरड्या हातांनी किंवा फडक्याने धरलेल्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि मग जखमांना रोग लागतो. म्हणून आधी हात ओले करायचे. कल्ल्यात बोटं घालून लटकवायचा नाही, वजनदार मासा नुसत्या जबड्यावर उभा टांगायचा नाही. गरी घशात खोल गेली असेल तर उपटायची नाही, दोरी तोंडाशी कापायची. गरीचा काटा पकडीने दाबून टाकला की ती सहज निघते, आणि आमिषाने गरवणाऱ्याने गोल वळलेली सर्कल हुक वापरली तर ती बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात लागते. खोल पाण्यातून भरभर वर ओढलेल्या तांबोशीच्या, गोबऱ्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. तो मासा वरच्या वर सोडला तर खाली जाऊच शकत नाही, त्याला वजन लावून परत खोल न्यावं लागतं. बोटीवरून गरवणाऱ्यांतल्या किती जणांकडे ती सोय असते? फोटो निघतो, मासा पाण्यात पडतो, बोट पुढे जाते. तो जगला असं सगळे धरून चालतात.

आणि ठेवायचा असेल तर लगेच मारायचा. डोक्यावर एक नेमका घाव. प्लास्टिकच्या पिशवीत तडफडत ठेवलेल्या माशाइतकं वाईट मी या छंदात दुसरं काही पाहिलेलं नाही, आणि हे करणारी माणसं घरी मांजराच्या पिल्लालाही जपणारी असतात.

तुटलेल्या दोरीचंही तसंच. शेजारच्या गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि कातळात अडकून राहिलेली नायलॉनची दोरी माझ्यानंतरही कितीतरी वर्षं तिथे राहणार आहे. ती सोडवून घरी आणणं हाही मी गरवण्याचाच भाग धरतो.

हे सगळं बोललं की एक युक्तिवाद हमखास येतो. ट्रॉलर टनावारी मासे उपसतात, बंदी असूनही दिवे लावून मासेमारी चालते, आणि तुम्ही आमच्या एका रॉडला धर्म सांगता? दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली आहे आणि ती कसोशीने पाळली जावी असं मलाही तळमळीने वाटतं. पण त्यांच्या पापाच्या मापाने माझं पाप मोजायला मी तयार नाही. माझ्या हातात फक्त माझी गरी आहे. तिचा हिशोब मलाच द्यायचा आहे.

तो हिशोब देता देता मी एका नियमावर येऊन थांबलो आहे. घरच्यांच्या जेवणापुरता मासा मिळाला की रॉड गुंडाळायचा, मासे लागत असले तरी. पावसाळ्याचे ते दोन महिने खाडीच्या मुखाकडे फिरकायचं नाही. मोठी मादी किंवा पिल्लू आलं तर सोडायचं, पण त्यालाही मोजणीत धरायचं. हे शेवटचं सर्वांत कठीण. सगळे मासे सोडणाऱ्याला थांबायचं कारणच उरत नाही. पिशवी रिकामी, मन हलकं, आणि सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत एकामागून एक ओठ टोचले जातात. खाण्यापुरतं धरणारा दोन माशांवर थांबतो. सोडणारा वीस धरू शकतो, आणि त्यातले काही नंतर, कुणी पाहत नसताना, मरतात.

गरीला मासा लागतो तेव्हा दोरीतून हातात जो झटका येतो, त्यातल्या आनंदाचं समर्थन मला आजवर करता आलेलं नाही. खाण्याचं करता येतं, संयमाचं करता येतं. त्या झटक्याचं नाही. आणि तो आनंद नसता तर मी कातळावर गेलोच नसतो, बाजारात गेलो असतो. हा गुंता माझ्याकडून सुटलेला नाही.

त्या मुलांपैकी एकाशी, कोल्हापूरच्याच, माझं यावर बरेचदा बोलणं होतं. तो एकही मासा मारत नाही. "काका, तुम्ही मारता, मी सोडतो, तरी जास्त हिंसक मीच?" असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, दिवसभरात किती ओठांना गरी लागली ते दोघांनीही लिहून ठेवू, सोडलेले धरून, आणि मग बोलू. यंदा नारळी पौर्णिमेनंतर वह्या सुरू करायच्या असं ठरलं आहे. प्रत्येक माशाची लांबी, गरी कुठे लागली, मासा पोहत गेला की उलटा झाला, सगळं लिहायचं. नोंद ठेवायला तो आनंदाने तयार झाला. आकड्यावर थांबायला अजून तयार नाही, आणि तो म्हणतो की मी मारणं थांबवलं तर तो विचार करील.