शब्दाची मालकी आणि राखण

स्वतःच्या जागेवर ब्लॉग उभारणे म्हणजे लेखन, त्याचा पत्ता आणि ते वाचकापर्यंत नेणारी यंत्रणा या तिन्हींचा कारभार आपल्याकडे घेणे. समाजमाध्यमावर फुकट लिहिण्यापेक्षा यात खर्च जास्त आणि खटपटही जास्त. तरीही नवखा लेखक या वाटेला लागतो, कारण आपले लेखन आपलेच राहावे असे त्याला वाटते. या इच्छेच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: लिहून प्रकट केलेल्या शब्दावर लिहिणाऱ्याची मालकी कितपत असते, आणि मालकी म्हणजे तरी काय?

ब्लॉगचा एकेक भाग तपासला की प्रश्न स्पष्ट होतो. पहिला भाग डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव. ते मुदतीने मिळते. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येते आणि नूतनीकरण चुकले की दुसऱ्याकडे जाऊ शकते. ‘डॉट इन’ आणि २०१४ साली सुरू झालेले देवनागरी ‘डॉट भारत’ यांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. दुसरा भाग होस्टिंग. सर्व्हरवरची ही जागा महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्याने घ्यायची असते. तिसरा भाग सॉफ्टवेअर. २००३ साली आलेले वर्डप्रेस मुक्त परवान्याखाली आहे. ते कोणीही वापरावे, बदलावे, पुढे द्यावे. उरतो मजकूर. त्यावर लेखकाचा हक्क खरा, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तोही लेखकाच्या हयातीपुरता आणि त्यानंतर ६० वर्षांचा. पुढे लेखन सर्वांचे होते. म्हणजे निरपेक्ष आणि कायमची मालकी यांपैकी कशावरच नसते.

मीरा-भाईंदरच्या रहिवाशाला हे नवीन वाटू नये. शांतीनगर, नवघर, गोडदेव भागांत फ्लॅट घेतलेल्या माणसाकडे करारनामा असतो, चावी असते, शेअर सर्टिफिकेट असते. पण कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचे अभिहस्तांतरण, झाले नसेल तर इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर नसते. पुनर्विकासाची वेळ आली की हा फरक उघडा पडतो. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियमात २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली ती यासाठीच. समाजमाध्यमावर लिहिणाऱ्याची स्थिती अशीच असते: खोली सजवलेली, जमीन दुसऱ्याची. याहूने जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले, भारतात घरोघरी पोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, आणि तिथला संसार आवरण्यावाचून वापरणाऱ्यांच्या हाती काही राहिले नाही.

भाड्याची जागा दोन्हीकडे असेल, तर स्वतःच्या ब्लॉगने काय साधते? साधते ते इतकेच, की बिऱ्हाड हलवता येते. वर्डप्रेसमध्ये सगळे लेख एका डेटाबेसमध्ये असतात आणि चित्रे ‘अपलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये. डेटाबेसची निर्यात केलेली एक फाइल आणि तो फोल्डर एवढे हाताशी असले की ब्लॉग दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर उभा करता येतो. डोमेन आपल्या नावे असल्याने वाचकाला पत्ता बदललेला कळतही नाही. इथे मालकीचा अर्थ ‘कोणी काढून घेऊ शकत नाही’ असा न राहता ‘उठून दुसरीकडे जाता येते’ असा होतो.

नवख्याने कामाचा क्रम याच अर्थाने लावावा. डोमेन स्वतःच्या नावे आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवावे. ओळखीच्याने त्याच्या खात्यातून घेतलेले नाव पुढे हाती येणे कठीण जाते. मग होस्टिंग घेऊन वर्डप्रेस बसवावे. डेटाबेसची अक्षरव्यवस्था युनिकोडची आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावे. नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. सुरक्षेचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळते, पण त्याची मुदत ९० दिवसांहून जास्त नसते, म्हणून ते आपोआप नवे होण्याची सोय करावी. शेवटी, बॅकअप होस्टिंगच्या बाहेर, घरच्या डिस्कवरही ठेवावा आणि तो उघडतो का हे अधूनमधून पाहावे. सर्व्हरच घरी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. पण ब्रॉडबँड कंपन्या पुष्कळदा अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत थेट पोचता येत नाही, आणि पावसाळ्यात वीज गेली की ब्लॉगही बंद पडतो. स्वावलंबन म्हणजे सगळ्यांपासून तुटणे नव्हे. कोणावर किती विसंबायचे हे स्वतः ठरवणे.

राखणीचा हा विचार धर्मपरंपरांना परका नाही. भाईंदरमध्ये मोठ्या संख्येने राहणाऱ्या जैन समाजात, श्वेतांबरांकडे, कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी म्हणून पाळतात. या दिवशी ज्ञानभांडारांतल्या पोथ्या बाहेर काढायच्या, धूळ झाडायची, कीड किंवा दमट हवा लागली आहे का ते पाहायचे, पुन्हा वेष्टनात बांधायच्या आणि ज्ञानाचे पूजन करायचे, अशी रीत चालत आली. अपरिग्रह शिकवणाऱ्या धर्माने एवढा ग्रंथसंग्रह कसा केला, या शंकेचे उत्तर ज्ञानद्रव्याच्या नियमात मिळते: ज्ञानासाठी आलेला पैसा स्वतःच्या उपयोगाला लावायचा नाही. सांभाळणारा हा तिथे मालक नसून विश्वस्त आहे.

मराठी ग्रंथांचा इतिहासही हेच सांगतो. लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत हरवली. महानुभाव अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा जुळवली, म्हणून तिचे अनेक पाठ झाले. ज्ञानेश्वरी १२९० सालची. नकला होता होता शिरलेली अशुद्धे काढून एकनाथांनी १५८४ मध्ये तिची प्रत शुद्ध केली. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे छापले गेले. त्या काळच्या छापील प्रती नाहीशा झाल्या, तरी हस्तलिखिते उरल्यामुळे ते १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापता आले. एकाच प्रतीवर विसंबलेला ग्रंथ धोक्यात येतो. अनेकांच्या हाती गेलेला टिकतो, मात्र त्यात पाठभेद शिरतात.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. त्यामुळे ते परक्या हातांपासून वाचले, पण लिपीची उकल होईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते वाचताच आले नाहीत. घट्ट धरलेला शब्द सुरक्षित राहतो आणि एकटाही पडतो. ब्लॉगचा पासवर्ड, डोमेनचे खाते आणि बॅकअपची जागा एकट्या लेखकालाच ठाऊक असेल तर तेच होते: त्याच्यामागे शुल्क भरायला कोणी उरत नाही आणि वर्षभरात सगळे पुसले जाते.

म्हणून स्वतःचा ब्लॉग उभारणाऱ्याचे लेखनाशी नाते राखणदाराचे आहे, असे म्हणणे योग्य ठरते. या नात्यात तीन कर्तव्ये येतात: मजकूर शुद्ध आणि चालता ठेवणे, त्याच्या एकाहून अधिक प्रती राखणे, आणि आपल्यानंतर तो कोणाकडे जाईल व इतरांनी तो कोणत्या अटींवर वापरावा हे लिहून ठेवणे. पहिली दोन तंत्राने पार पडतात. तिसऱ्यासाठी हे लेखन एक दिवस आपल्याविना चालायचे आहे, हे मान्य करावे लागते.