खांदा कुणाचा?

उंच काही दिसलं की त्यावर चढावंसं वाटणं, ही माणसाची जुनी खोड आहे. रांगतं मूल आधी उंबरा चढतं, मग पायरी, मग माळ्याची शिडी. त्याला ते कुणी शिकवत नाही. तेव्हा चढणारं प्रत्येक पोर वाया गेलेलं आहे, असं मी म्हणणार नाही. पण हल्ली आमच्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातली पोरं कशाकशावर चढतात ते बघितलं की एक प्रश्न मनात घर करतो. अर्धवट बांधलेली बिल्डिंग, पाण्याची टाकी, मोबाईलचा टॉवर, यार्डात उभी मालगाडी. काम काही नाही, नुसती गंमत आणि वर जाऊन एक फोटो. दुसऱ्यानं बांधलेल्या वस्तूवर गंमत म्हणून चढावं का? आणि जीव ज्याचा त्याचा, तर मग अडवणारे आपण कोण?

आमच्या वेळी चढणं हे बहुतेक कामातच असायचं. पावसाळ्याआधी कौलं चाळायला घरावर चढावं लागे. जाणती माणसं अंगणातून ओरडत, "पाय वाशावर ठेव रं, कौलावर नको." कौल फुटलं तर पावसाळाभर घरात भांडी मांडत बसायचं. भाताची उडवी रचली की पोरांना तिच्यावर चढून घसरायचा मोह व्हायचा. मग आजा काठी घेऊन धावायचा. पोर पडेल म्हणून नव्हे, दाणा झडेल म्हणून. त्या उडवीत सगळ्या घराचे चार महिने रचलेले असत. वर चढणाऱ्याला मात्र तो नुसता पेंढ्याचा ढीग दिसे.

झाडाची गोष्ट वेगळी. झाड चढणाऱ्याशी बोलतं. आंब्याची फांदी मोडायच्या आधी कुरकुरते. शेवग्याची फांदी भरवशाची नाही, हे गावातलं पोर चालता-बोलता शिकतं. बांधकाम असं काही सांगत नाही. बाहेरून रंग दिलेला असला की आतली सळई गंजली की शाबूत आहे, ते कुणाला दिसतं? आमच्या शेजारचं उल्हासनगर घ्या. लढाईच्या काळातली लष्करी छावणी, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. बराकींच्या जागी पुढे इमारती उठल्या. त्याच गावात २०२१ च्या मे महिन्यात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. जी माणसं त्या घरांत वर्षानुवर्षं राहत होती, त्यांनाही डोक्यावरच्या छताचा अंदाज आला नव्हता. मग संध्याकाळी पाच मिनिटं कठड्यावर चढणाऱ्या पोराला तो कुठून यावा?

विजेचं तर त्याहून वाईट. लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. ती दिसायला कपडे वाळत घालायच्या तारेसारखी. तिला हात लावायचीही गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी ती माणसाला ओढते. मालगाडीच्या टपावर फोटोसाठी चढलेली पोरं अशीच भाजतात. त्यांच्या धिटाईत काही कमी नव्हतं. कमी होती ती माहिती.

आता कुणी म्हणेल, धोका तर शेतकरीही पत्करतो. खरं आहे. रात्रीचं पाणी द्यायला जाताना पायाखाली साप असू शकतो. विहिरीतला गाळ काढायला माणूस दोरावर उतरतो. पुरात छपरावर चढून बसलेल्याला 'का चढलास' असं कुणी विचारत नाही. आणि नुसत्या आनंदासाठी धोका पत्करणं हेही काही पाप नव्हे. जीव फडताळात जपून ठेवायची वस्तू नाही. मग फरक कुठे पडतो?

मला तो फरक दहीहंडीत दिसतो. आमच्याकडे चौकाचौकात हंडी बांधतात. २०२२ साली सरकारनं तिला साहसी खेळाचा दर्जाही दिला. त्यातही हातपाय मोडतात, जीव जातात, त्याचं कौतुक नको. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. वरच्या पोराला आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत ते ठाऊक असतं. आणि खालच्या गड्यानं तो खांदा आपणहून दिलेला असतो. थर कोसळला तर भार आपल्याच अंगावर येणार, हे कबूल करून तो पाय रोवतो.

टाकीवर किंवा टॉवरवर एकट्यानं चढणाऱ्याला वाटतं, आपण कुणाच्याच खांद्यावर नाही. तसं नसतं. तो अडकला तर वर जाणारा अग्निशमन दलाचा जवान, तो पडला तर इस्पितळाचं बिल भरायला जमिनीचा तुकडा काढणारा बाप, जन्मभर त्याला उचलून बसवणारी आई. हे सगळे त्याच्या खालच्या थरात उभे असतात. फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

दगडालाही कुणी विचारत नाही. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातलं, वालधुनीच्या काठी उभं असलेलं. शिखर पूर्ण नाही, तरी बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. महाशिवरात्रीच्या गर्दीत जोत्यावर चढून मूर्तीच्या गुडघ्यावर बूट टेकवणारे मी बघितले आहेत. नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असा कायदा आहे. पण कायदा राहू द्या बाजूला. काळ्या बसाल्टावर छिन्नी धरणाऱ्या त्या पाथरवटाचं नावही उरलेलं नाही. साडेनऊशे वर्षांनी त्याच्या कामावर कुणी बूट ठेवला तर तो येऊन 'उतर' म्हणणार नाही. म्हणून ते आपण म्हणायचं.

फ्रान्सचा आलँ रोबेर नावाचा माणूस जगभरच्या इमारतींवर हातापायांनी चढतो. बहुतेकदा दोराशिवाय. कैक वेळा त्याला पोलिसांनी धरलं. तोच माणूस २०११ साली दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफावर परवानगी घेऊन चढला, तेव्हा त्यानं कमरेला दोर बांधला, कारण ती तिथली अट होती. अट पाळल्यानं त्याची चढाई लहान झाली, असं मला वाटत नाही.

पण पोरांना नुसतं 'चढू नका' म्हणून भागत नाही. जिथं आंबा-जांभळीची झाडं होती तिथं टॉवर आले, आणि प्रत्येक भिंतीवर 'वर चढू नये' अशी पाटी आली. चढायची भूक पाटी वाचून मरत नाही. तिला मल्लखांब द्या. समोर मलंगगड, चंदेरी उभे आहेत, तिथं जाणत्या गिर्यारोहकाबरोबर दोर लावून पाठवा. पाय वाशावर कुठे ठेवायचा ते सांगणारं माणूस खाली उभं असेल, आणि ज्याच्या खांद्यावर भार येणार त्यानं तो कबूल केला असेल, तर पोरानं खुशाल चढावं.