पाहणाऱ्याचा धर्म

पंचगंगेच्या घाटावरून वरच्या अंगास, प्रयाग चिखलीच्या दिशेनें, नदीच्या कडेकडेनें चालत जाणें हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. वाट सपाट असल्यामुळें लहान मुलांस व वृद्धांस घेऊन जाण्यास ती सोयीची पडते. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस ऊंस, आणि मध्यें पुराच्या गाळानें पोसलेली कुरणाची चिंचोळी पट्टी. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचें पाणी आणि लोकश्रद्धेची गुप्त सरस्वती मिळून ही नदी होते. पावसाळ्यांत ती हें कुरण पोटांत घेते. २००५, २०१९ व २०२१ या सालीं तर ती शहराच्या वस्तींतही शिरली. पाणी ओसरलें कीं गवत पुन्हां उगवतें, आणि त्याच्या आश्रयानें राहणारीं पांखरें पुन्हां येतात.

काही वर्षांपूर्वीं चैत्रांत आठ वर्षांच्या नातीस घेऊन मी या वाटेनें गेलों होतों. एक टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालीत आक्रोश करूं लागली. आपल्याकडे तिचें ओरडणें अशुभ मानतात, मी तो समज कसा वेडगळ आहे हें नातीस समजावून देत होतों, तोंच ती म्हणाली, "आजोबा, पाय टाकूं नका!" माझ्या पावलापासून हातभर अंतरावर, बारीक खड्यांनीं वेढलेल्या उथळ खळग्यांत, चार अंडीं होतीं. मातीचाच रंग, त्यावर काळे ठिपके. माझ्या सुशिक्षित डोळ्यांस तीं दिसलीं नव्हतीं. आम्ही मुकाट्यानें मागें फिरलों.

येथेंच थांबलों असतों तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. परंतु आनंद वांटल्यानें वाढतो, असें आपण सारेच म्हणतों. दुसऱ्या दिवशीं मीं महाविद्यालयांतील सहकाऱ्यांस ती हकीकत सांगितली, सायंकाळीं शेजाऱ्यांस सांगितली. पुढच्या रविवारीं पंधरा माणसें मुलाबाळांसह माझ्याबरोबर निघालीं. निघतां निघतां उशीर झाला. कुरणांत पोंचेपर्यंत ऊन चांगलेंच तापलें होतें. सारीं माणसें सभ्य. कोणी खडा मारला नाहीं, कोणी अंड्यास बोट लावलें नाहीं. आणि मीं, स्वभावाप्रमाणें, तेथें एक व्याख्यानच दिलें. पंचतंत्रांतील टिटवीची अंडीं समुद्रानें नेलीं. तिच्या नवऱ्यानें चोंचीनें समुद्र आटविण्याचा निश्चय केला. अखेर गरुडाच्या विनंतीवरून विष्णूनें दरडावलें तेव्हां समुद्रानें तीं परत दिलीं. गीतेवर बोलूं पाहणारे आपण म्हणजे चोंचीनें सागर मोजणारी टिटवी, असें ज्ञानेश्वर विनयानें म्हणतात, तेंही सांगितलें. श्रोते रंगले. अर्धा तास गेला. तेवढा वेळ ती खरीखुरी टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत होती.

त्यानंतर कांहीं मंडळी आपापल्या पाहुण्यांस घेऊन स्वतंत्रपणें जाऊन आलीं; जागेची खूण मींच सांगितली होती. पंधरा दिवसांनीं नातीच्या आग्रहावरून आम्ही लांबून पाहिलें. अंडीं चारही होतीं. पक्षी मात्र नव्हते. आम्ही बराच वेळ थांबलों. कोणी आलें नाहीं.

"पण कुणी हात तर लावला नव्हता. मग असं कां झालं?" नातीनें विचारलें.

मला उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून वाचलें तें असें : उघड्या जमिनीवरील त्या अंड्यांस टिटवीच्या अंगाखेरीज दुसरी सावली नसते. कडक उन्हांत ती पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून आणते व त्या ओलाव्यानें अंडीं थंड राखते. माणूस जवळ उभा असेल तर ती बसत नाहीं. आणि ती बसली नाहीं तर उन्हांत अंड्यांतील जीव मरतो. कदाचित् एखाद्या कुत्र्यानें त्या जोडप्यास पळवून लावलें असेल. न्यायालयांत मला संशयाचा फायदा मिळेल. पण माझें मन तो घेण्यास तयार नाहीं.

आपल्या नीतिशास्त्रानें हिंसेचे कायिक, वाचिक व मानसिक असे भेद केले आहेत. वाचिक हिंसा म्हटली कीं शिवीगाळ, निंदा, कठोर शब्द हेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. स्तुतीनेंही हिंसा घडूं शकते, हें मला त्या दिवसापर्यंत सुचलें नव्हतें. माझा हेतु निर्मळ होता, शब्द गोड होते, हात स्वच्छ होते. तरी त्या चार जीवांस उन्हांत टाकणाऱ्यांत मी पहिला होतों.

मग आवडत्या जागेविषयीं मौन पाळावें काय? बराच काळ मला तसें वाटलें. परंतु मौनाचें फळही याच नदीनें भोगलें आहे. जयंती नाल्यावाटे शहराचें सांडपाणी वर्षानुवर्षें तिच्यांत मिसळत आलें, साखर कारखान्यांची मळी मिसळली, मेलेले मासे पाण्यावर तरंगले. आणि जो नदीकडे कधीं फिरकलाच नाहीं त्यास त्याचें दुःख होण्याचें कारण नव्हतें. मुलांस नदी दाखविलीच नाहीं, तर उद्यां तिच्यासाठीं बोलणार कोण?

याच जिल्ह्यांतील दुसरें उदाहरण अधिक अडचणीचें आहे. राधानगरीच्या वरचें दाजीपूरचें रान संस्थानी काळांत राजांच्या शिकारीसाठीं राखलेलें होतें. १९५८ सालीं तें गव्यांचें अभयारण्य झालें, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशांत गणलें गेलें. म्हणजे, मारण्याच्या हेतूनें ज्यांनीं लोकांस बाहेर ठेवलें त्यांच्या हातून रान वांचलें. आणि प्रेमानें लोकांस आंत नेणाऱ्या माझ्या हातून एक घरटें उजाड झालें. यावरून हेतूला किंमत नाहीं असें मी म्हणत नाहीं. हेतु पुरेसा नाहीं, एवढेंच म्हणतों. राजाचा धाक गेला तें योग्यच झालें. पण त्या धाकानें जें राखलें जात होतें तें आतां ज्याच्या त्याच्या संयमानें राखलें पाहिजे, आणि नदीकांठच्या कुरणावर तर पहारेकरीही नाहीं.

म्हणून मीं स्वतःपुरता एक नेम केला आहे. नदी सर्वांस दाखवावी, घरटें कोणासही दाखवूं नये. मुलांस पक्ष्यांचीं नांवें शिकविण्यापूर्वीं मागें फिरावयास शिकवावें. टिटवी ओरडली कीं तिला आपली भाषा येत नाहीं, पण आपणांस तिची कळली पाहिजे. माझी नात आतां पहिल्या हांकेसरशीं थांबते आणि वाट सोडून दूरून वळसा घेते.

यंदाही कुरणांतून तो आवाज आला. एका सहकाऱ्यांनीं विचारलें, "काय हो, यंदा टिटवीनें अंडीं घातलीं कां?" मीं म्हटलें, "सकाळीं नदीवर या. ओरडणें ऐकूं येतें." त्यांनीं जागा विचारली. ती मीं सांगितली नाहीं.