शिमग्याचा मान

फाल्गुन लागला की आमच्या गिरणीतल्या कोकणी पोरांचं लक्ष रजेच्या वहीकडे. शिमगा, पाडवा, चैत्रातल्या जत्रा. आपल्या तारखा वेगळ्या : २० मार्च चवदार तळं, ११ एप्रिल जोतिबा, १४ एप्रिल, मग वैशाखी पौर्णिमा. रजा मात्र सगळ्यांना सारखीच, मोजून. २०१९ साली होळी आणि २० मार्च एकाच दिवशी आले. गाडी महाडला एकच जाते, उतरून जायचं कुठं?

महाड-पोलादपूरकडची आपलीच पोरं विचारतात, ‘‘दादा, धर्म सोडला, गाव थोडाच सोडला? पालखीपुढं नाचण्यात कसला आलाय देव? ती संस्कृती. आणि आपला मान होता शिमग्यात, तो का सोडायचा?’’ विचारणारा खोडसाळ नसतो. म्हणून उत्तर नीट दिलं पाहिजे.

आधी मानाचं बोलू. आमच्या आज्याला गावच्या शिमग्यात तीन मान होते. होळीचं लाकूड तोडायचं, आमच्या वाडीतला विस्तव गावच्या होळीला द्यायचा आणि पालखीपुढं बाजा वाजवायचा. विस्तवाला म्हणे विटाळ नसतो. तो देणाऱ्या हाताला होता. पालखीला सूर आमचा, खांदा दुसऱ्याचा. आणि या सगळ्याचं पोस्त म्हणून लांबून टाकलेले पसाभर तांदूळ.

मान खरा की खोटा, याची माझ्या लेखी एकच पारख आहे. तो नाकारता येतो का? लग्नात नवऱ्याचा मामा रुसला तर चार माणसं त्याला समजवायला जातात. तो मान. ५६ साली धर्मांतर झालं, पुढं आमच्या वाडीनं बाजा खुंटीला टांगला, तेव्हा रुसवा काढायला कुणी आलं नाही. दुकानाची उधारी बंद झाली, गुरांची वाट बंद झाली. नको म्हटल्यावर शिक्षा होते ती वेठ. तिच्या गळ्यात हार घातला म्हणून ती मान होत नाही.

महाडची तारीख आपण पाठ म्हणतो, तिथी कुणी बघत नाही. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ आणि २० मार्च १९२७ ला भरली, तेव्हा फाल्गुनी पौर्णिमा होऊन दोनेक दिवसच झाले होते. म्हंजे ऐन शिमगा. ज्या दिवसांत दारोदार पोस्त मागायचं, त्याच दिवसांत हजारो माणसं महाडला आली. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा. दुसऱ्या दिवशी सगळे तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळं खुलं केल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, म्हंजे हक्क कागदावर होताच. मग अफवा उठली, हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. आपल्या माणसांना मार पडला आणि मागाहून तळं पंचगव्यानं शुद्ध करून घेतलं. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

वीरेश्वर तोच. महाशिवरात्रीच्या सुमारास त्याचा छबिना निघतो, गावोगावच्या देवांच्या पालख्या त्याला भेटायला येतात. खेड्यातले देव पाहुणे म्हणून चालतात. त्याच खेड्यांतली माणसं नुसत्या अफवेनंही चालली नाहीत.

आता बाज्याचं. बाज्यात पाप नव्हतं. आज्याची बोटं म्हातारपणीसुद्धा मांडीवर ताल धरायची आणि आजी दटावायची. वेठीबरोबर एक कला गेली याचं मला वाईट वाटतं. काही साथी म्हणतील, हा हळवा झाला. म्हणोत.

गाव बदललं, म्हणतात. असेल. मग शिमग्याची बैठक बसते तेव्हा आपला माणूस निर्णयाला असतो, की नुसता निरोप घ्यायला? समजा असला, तरी मी पालखीपुढं जाणार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला आहे. पण शेजारच्या आळीतून पुरणपोळीचं ताट आलं तर खाईन आणि वैशाखी पौर्णिमेला खीर धाडीन. ते ताट खीर घेऊन घरात जातं की ओट्यावरच राहतं, ते बघेन.

पण दोस्तहो, हीच पारख आपल्या तारखांनाही लावायला नको का? आमच्या वाडीत जयंतीच्या वर्गणीचा आकडा मंडळ ठरवतं. न देणाऱ्यांची नावं फळ्यावर. एका विधवा बाईनं पाचशे रुपये हप्त्याहप्त्यानं फेडले. तिला नाही म्हणता आलं असतं का? बाबासाहेबांच्या नावानं आपण तिच्या दारात काय मागायला उभे राहिलो?

पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे : आकडा ठरवायचा नाही, नावं लिहायची नाहीत, डबा फिरवायचा, ज्यानं त्यानं झाकल्या मुठीनं टाकायचं. काही जण आतापासूनच म्हणतात, मग मंडप उभा राहणार नाही, डीजे येणार नाही. नाही तर नाही. समाजमंदिराच्या ओट्यावर बसू.