पंच, डाय आणि दैव

खंडेनवमीच्या दिवशी भोसरी, चाकण किंवा नाशिकच्या सातपूरमधल्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये जाऊन पाहा. वर्षभर तेलाने माखलेल्या पॉवर प्रेस त्या दिवशी पुसून लख्ख केलेल्या असतात. फ्लायव्हीलला झेंडूचा हार, बॉडीवर कुंकवाचे स्वस्तिक, पायडलपाशी फोडलेला नारळ. मालक सपत्नीक पूजा करतो, कामगारांना पेढे मिळतात. या दृश्याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. ज्याच्यावर पोट चालते त्याच्याविषयी कृतज्ञता वाटण्यात गैर काय? मला वेगळेच विचारायचे आहे. इतक्या प्रेमाने सजवलेल्या त्या यंत्राचा गार्ड कुठे आहे? अनेक ठिकाणी तो भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, आणि त्याच्यावरची धूळ मात्र खंडेनवमीलाही कोणी पुसलेली नसते.

पॉवर प्रेसचे काम समजायला सोपे आहे. फ्लायव्हील अखंड फिरत असते. पायडल दाबले की क्लच लागतो, रॅम खाली येतो, वरचा पंच खालच्या डायवर आदळतो आणि मधल्या पत्र्याला आकार येतो. कामगार एका हाताने पत्रा ठेवतो, दुसऱ्याने तयार जॉब काढतो, पायाने पायडल दाबतो. एका शिफ्टमध्ये हे हजारो वेळा. जुन्या धाटणीच्या प्रेसमध्ये पिन क्लच असतो. तो एकदा लागला की फेरा पूर्ण होईपर्यंत सुटत नाही. मध्येच कोणी ओरडले, हात आत दिसला, तरी रॅमला थांबता येत नाही. अशा प्रेसला महागडा लाइट कर्टन लावला तरी तो निव्वळ देखावा ठरतो. हात आत आल्याचे त्याला कळेल, पण थांबवणार काय? आणि पिन झिजली किंवा स्प्रिंग ढिली पडली की पायडल न दाबताही दुसरा स्ट्रोक येतो. तेव्हा हात आतच असतो, कारण तो तिथेच असायला हवा असतो. जॉब काढायचे काम त्याला आपणच दिलेले असते.

बोट गेल्यानंतर शॉपमध्ये दोन वाक्ये ऐकू येतात. मालक आणि सुपरवायझर म्हणतात, "त्याचे लक्ष नव्हते." कामगाराच्या घरचे म्हणतात, "त्याची वेळच वाईट होती." मग मशीनवर नारळ फुटतो, लिंबू-मिरची टांगली जाते आणि दुसऱ्या शिफ्टला दुसरा माणूस त्याच स्टुलावर बसतो. या दोन वाक्यांत दुसरे तेवढे अंधश्रद्धेचे आहे, असे सुशिक्षित वाचकाला वाटेल. माझ्या मते पहिले अधिक घातक आहे. ते विवेकाचा आव आणते आणि झिजलेल्या पिनेची चौकशी करण्याचे काम कायमचे टाळते. दोन्ही वाक्यांचा परिणाम एकच: यंत्र निर्दोष सुटते.

हाच मालक दुसऱ्या प्रसंगी किती काटेकोर असतो ते पाहू. वाहन कंपनीला गेलेल्या लॉटमध्ये चार ब्रॅकेटांचे भोक अर्धा मिलिमीटर सरकलेले निघाले, तर कंपनीचा माणूस त्याच दिवशी दारात उभा राहतो. लेखी खुलासा द्यावा लागतो आणि त्यात पाच वेळा 'का' विचारून मूळ कारणापर्यंत जावे लागते. तिथे "ऑपरेटरचे लक्ष नव्हते" असे लिहिले तर कागद तोंडावर परत येतो. लक्ष नव्हते तर का नव्हते? चूक होऊच शकणार नाही अशी डाय का बनवली नाही? हे प्रश्न अगदी योग्य आहेत. मग भोक सरकले तर पाच 'का', आणि बोट तुटले तर पहिल्याच 'का'वर चौकशी बंद, हा कुठला न्याय? ब्रॅकेटच्या दोषांची मोजणी दहा लाखांत किती अशी होते. बोटांच्या मोजणीचा रकाना पुरवठादाराच्या गुणपत्रिकेत मला अजून दिसलेला नाही.

ज्या जपानी पद्धतींची आपण पारायणे करतो, त्यांच्या मुळाशी एक माग आहे. साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग सुताचा धागा तुटला की आपोआप थांबत असे. दोष दिसताच यंत्राने स्वतः थांबायचे, या कल्पनेवर पुढे टोयोटाची उत्पादनपद्धती उभी राहिली. एका धाग्यासाठी यंत्र थांबवण्याची अक्कल माणसाला शंभर वर्षांपूर्वी आली होती. आपल्या शेडमधली प्रेस बोटासाठी थांबत नाही, तेव्हा तंत्रज्ञान मागास आहे ही सबब चालणार नाही.

'इंडस्ट्री ४.०'ची घोषणा २०११ मध्ये हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात झाली. त्यानंतर रोबो, सेन्सर, यंत्राची संगणकातली जुळी प्रतिमा हे शब्द आपल्या परिसंवादांत रुळले. अनेक आशावादी मित्र म्हणतात, थोडे थांबा, यांत्रिकीकरणाने हा प्रश्न आपोआप मिटेल. चाकणमध्येच पाहा. मोठ्या कारखान्यात वेल्डिंगचा रोबो पिवळ्या जाळीच्या कुंपणात असतो. कुंपणाचे दार उघडले की इंटरलॉक सुटतो आणि रोबो जागच्या जागी थांबतो. तिथून थोड्या अंतरावरच्या भाड्याच्या शेडमध्ये त्याच गाडीचा एखादा छोटा भाग उघड्या प्रेसवर माणसाच्या हाताने बनतो. रोबो येतो तो जिथे भांडवल आहे आणि मजुरी महाग आहे तिथे. जिथे हात स्वस्त आहेत, तिथे तो येण्याची घाई कोणालाच नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीलाही क्लॅम्प, ब्रॅकेट आणि बॅटरीची पत्र्याची पेटी लागते. इंजिन गेले, प्रेस राहिली.

गुरुग्राम-मानेसर पट्ट्यातून कामाला सुरुवात केलेली 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल प्रसिद्ध करते. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत दरवर्षी हजारो कामगार हातांना जायबंदी होतात, सर्वाधिक इजा पॉवर प्रेसवर होतात आणि जखमींत बहुतेक स्थलांतरित असतात, असे हे अहवाल सांगतात. कित्येकांना कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआय) कार्ड अपघात झाल्यावर मिळते, हेही त्यांत नोंदले आहे.

नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. ते प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एकदा वाचावे. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईच्या क्षमतेचा १४ टक्के तोटा, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, अंगठा ३०. एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के. कागदावर हा माणूस अजून ८० टक्के सक्षम आहे. प्रत्यक्षात कोणता प्रेस शॉप त्याला पुन्हा कामावर घेतो? तो गावी परततो किंवा एखाद्या गेटवर वॉचमन होतो, आणि त्याची जागा भरायला नाक्यावर दुसरा उभाच असतो. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखण्याची जुनी सवय या देशात जातीने लावली. कारखान्यात जात विचारत नाहीत असे आपण अभिमानाने सांगतो, पण हात सहज बदलता येणारी वस्तू आहे ही समजूत तिथेही तशीच उरली आहे.

आता आक्षेप. पहिला: "कामगारच गार्ड काढून टाकतात." खरे आहे, काढतात. कारण दोन्ही हातांनी दोन बटणे दाबायची तर प्रत्येक जॉबला वेळ जास्त लागतो, आणि टार्गेट मात्र गार्ड नसलेल्या प्रेसवरच्या वेगाने ठरवलेले असते. आठवड्यापूर्वी हेल्पर म्हणून आलेल्या पोराला तुम्ही ऑपरेटर केलेत, आकडा दिलात आणि तो गाठण्यासाठी गार्ड काढावाच लागेल अशी व्यवस्था केलीत. मग त्याने काढला. निर्णय कोणाचा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. छोटा उद्योजक म्हणतो, "कंपनी दरवर्षी दर कमी करून मागते, पत्रा महागतो, विजेचे बिल वाढते. गार्डला पैसे आणू कुठून?" त्याची अडचण खोटी नाही आणि त्याला एकट्याला खलनायक ठरवणे सोयीचे असले तरी अप्रामाणिक आहे. दर खाली आणणाऱ्या खरेदी विभागाने त्या दरात काय बसते आणि काय बसत नाही याचा हिशेब कधीच केलेला नसतो, असे समजणे भाबडेपणाचे होईल. सर्वात स्वस्त निविदा स्वस्त का आहे, हे त्या टेबलावर बसलेल्या अभियंत्याला समजते. पण प्रत्येक उपाय महागही नसतो. डायभोवतीचे स्थिर कुंपण, जॉब उचलायला चुंबकी चिमटा, पायडलवर झाकण, पिन आणि स्प्रिंगची ठरल्या दिवशी बदली, यांसाठी परदेशी तंत्रज्ञान आणावे लागत नाही. यंत्र बंद ठेवायला वेळ नसतो म्हणाल, तर खंडेनवमीला तो सापडतोच की!

तिसरा आक्षेप तपासणीबद्दल: निरीक्षक आला की लाचखोरी आली. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातले. ब्रिटनने १९६५ च्या नियमांनी प्रेसचा गार्ड दर पाळीला, पहिल्या चार तासांत, जाणकार माणसाने तपासून सही करावी असे ठरवले. तो माणूस कारखान्यातलाच असे. असे करायला आपल्याला सरकारी निरीक्षकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विकायला काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे सांगून शेतकरी तो घेत नसत. ती समजूत निदान अनुभव घेतल्यावर गेली. "अपघात होतच असतात" ही आजची समजूत टॅब्लेट हातात घेऊन फिरणाऱ्या सुशिक्षितांची आहे, आणि ती अनुभवानेही जात नाही, कारण अनुभव दुसऱ्याच्या बोटांना येतो.

म्हणून सुरुवात वरून व्हायला हवी. वाहन कंपन्यांनी पुरवठादाराच्या गुणपत्रिकेत दोषांच्या शेजारी अपघातांचा रकाना घालावा, आणि तो खालच्या तिसऱ्या पायरीवरच्या शेडपर्यंत न्यावा. पुरवठादार अपघात लपवतील, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय करारात लिहिता येतो: अपघात कळवणाऱ्याची ऑर्डर त्या कारणाने तोडली जाणार नाही, गार्डचा खर्च भागाच्या दरात वेगळा धरला जाईल, लपवलेला अपघात उघड झाला तर मात्र खोटा तपासणी अहवाल दिल्याबद्दल जी कारवाई होते तीच होईल. एवढा मसुदा लिहायला खरेदी विभागाला एक दुपार पुरेल.