श्रवण, संग्रह आणि स्वामित्व

एखादी वस्तु आपणांस पाहूं दिली, म्हणून ती घरीं नेऊंही दिली असें होत नाहीं, हें लहान मुलासही कळतें. परंतु ध्वनीची गोष्ट निराळी आहे. तो ऐकूं देणें म्हणजेच तो दुसऱ्याच्या स्वाधीन करणें होय. आणि ऐकणाऱ्यानें तो मनांत सांठवून ठेवला, तर त्यास कोणी चोर म्हणत नाहीं. मग तोच ध्वनि स्मरणशक्तीऐवजीं यंत्रानें राखला, तर त्या कृत्याचें नैतिक स्वरूप पालटतें काय? इंटरनेटवरून येणारे नभोवाणीचे कार्यक्रम संगणकांत मुद्रित करून त्यांच्या सीडी तयार करण्याची जी चाल या शतकाच्या आरंभीं रसिकांत रूढ झाली, तिच्या निमित्तानें हा प्रश्न विचारांत घेण्याजोगा आहे. सीडी आतां मागें पडली व तिची जागा खिशांतल्या फोननें घेतली. पण साधन बदललें म्हणून प्रश्न बदललेला नाहीं.

लंडनच्या बीबीसीनें २००२ सालीं आपले नभोवाणीवरील कार्यक्रम मूळ प्रक्षेपणानंतर आठवडाभर इंटरनेटवर पुन्हा ऐकण्याची सोय केली. पुढें ही मुदत बहुतेक कार्यक्रमांपुरती तीस दिवसांची झाली. या सवलतीनें कार्यक्रम चुकण्याचें दुःख संपलें, परंतु मुदतीनंतर तो लोपण्याचें दुःख नव्यानें उत्पन्न झालें. जी वस्तु क्षणांत जाते तिचा मोह माणूस आवरूं शकतो. जी आठ दिवस हाताशीं राहून मग जाते तिचा मोह आवरत नाहीं. साहजिकच कित्येक श्रोते तो ध्वनिप्रवाह मुद्रित करूं लागले, आणि सीडीवर उतरवून, वर नांव-तारीख घालून, कपाटांत रचूं लागले.

या क्रियेचें तांत्रिक स्वरूप नीतिविचारास महत्त्वाचें आहे. इंटरनेटवरील ध्वनि लहान लहान तुकड्यांनीं येतो. प्रवाह खंडित होऊं नये म्हणून संगणक थोडासा ध्वनि आधींच जमवितो, तो वाजवितो आणि वाजवून झाल्यावर टाकून देतो. म्हणजे जो नुसता ऐकतो, त्याच्याही यंत्रांत क्षणभर प्रत तयार होतच असते. मुद्रण करणारा एवढेंच करतो, कीं आलेले तुकडे टाकून देत नाहीं. तेव्हां प्रत करणें हाच दोष मानला, तर प्रत्येक श्रोता दोषी ठरेल. दोष असलाच, तर तो प्रत राखण्यांत आणि राखून तिचें पुढें काय करावयाचें यांत असला पाहिजे.

कायद्यानेंही रेषा ओढण्याचा प्रयत्न साधारणतः येथेंच केला आहे. ब्रिटनचा १९८८ चा कायदा, प्रक्षेपण अधिक सोयीच्या वेळीं ऐकतां वा पाहतां यावें एवढ्याच हेतूनें घरीं केलेल्या मुद्रणास मोकळीक देतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं दूरचित्रवाणीच्या घरगुती मुद्रणासंबंधीं असाच निर्णय दिला. तथापि नऊ न्यायाधीशांपैकीं चौघांचें मत विरुद्ध पडलें. आपल्याकडील १९५७ चा कायदाही, मुद्रण करणाऱ्याच्या खासगी उपयोगासाठीं झालेलें मुद्रण हा प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग मानीत नाहीं. सर्वत्र कसोटी हेतूची आहे. परंतु हेतु मनांत असतो आणि तो पालटतो. उद्यां ऐकण्यासाठीं केलेली सीडी वर्षानंतरही जवळच राहते, आणि मग एखाद्या स्नेह्याच्या घरीं जाते. सोय कोठें संपली आणि संग्रह कोठें सुरू झाला, हें न्यायाधीश सांगूं शकत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच पाहिलें पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, कीं परवानगीवांचून राखणें ही सरळ चोरीच होय. हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. चोरीनें धन्याची वस्तु जाते. येथें ती धन्यापाशीं जशीच्या तशी असते. परंतु कोणाचें कांहीं गेलें नाहीं, म्हणून कोणाचें कांहीं देणेंही लागत नाहीं, हें दुसऱ्या टोकाचें म्हणणेंही तितकेंच लटकें आहे. ज्या गायिकेची ध्वनिमुद्रिका बाजारांत विकत मिळते, तिचेंच गाणें दहा स्नेह्यांस फुकट वांटणारा उदार दिसतो. पण त्याचें औदार्य दुसऱ्याच्या पैशानें चाललेलें असतें. जर्मनीनें १९६५ सालीं हें ओळखून खासगी मुद्रणास मनाई केली नाहीं. मुद्रणयंत्रांवर मात्र कर्त्यांच्या मोबदल्यासाठीं आकार बसविला. राखणारास मोकळीक आहे, पण तो ऋणी आहे, हें तत्त्व त्यांत मान्य झालें. आणि तें आम्हांस योग्य वाटतें.

उलटपक्षीं, धनीच राखणाराचा ऋणी होतो, असेंही कधीं कधीं घडतें. दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे पहिल्या कांहीं वर्षांतील पुष्कळ भाग बीबीसीनें पुढें पुसून टाकले. फीत महाग होती व पुन्हा वापरतां येत असे. जुन्या कार्यक्रमास कधीं मोल येईल, असें फारसें कोणास वाटलें नाहीं. चित्रें गेलीं, परंतु कांहीं प्रेक्षकांनीं घरीं टेपरेकॉर्डरवर त्यांचा आवाज उतरवून ठेवला होता. हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनि आज उपलब्ध आहे, तो त्यांच्यामुळें. आणि खुद्द बीबीसीनेंच तो पुढें सीडीच्या रूपानें प्रसिद्ध केला. कांटेकोर कायदेपंडितानें ज्यांस कदाचित् बोल लावला असता, त्यांनींच धन्याची वस्तु धन्यास परत केली.

यावरून आम्हांस असें वाटतें, कीं राखणारा हा स्वामी नसून विश्वस्त आहे. त्याच्यापाशीं असलेली वस्तु ही ठेव होय, आणि ठेवीचे धर्म ठरलेले आहेत. ती विकूं नये. धनी मोल घेऊन देत असेल, तर मोल देऊन घ्यावी. त्याची हरवली, तर परत द्यावी. आणि मिळाली तशीच राखावी. शेवटचा धर्म सर्वांत सोपा दिसतो, पण तोच अधिक वेळां मोडतो. सीडींत सामान्यतः ऐंशी मिनिटें मावतात. त्याहून मोठा कार्यक्रम बसवावयाचा तर कात्री लावावी लागते, आणि ती पहिल्यानें निवेदकाच्या बोलण्यावर चालते. गायकाचें, साथीदारांचें आणि रचनाकाराचें नांव नेमकें त्या बोलण्यांतच असतें. पुढें सीडीवरील शाई पुसट होते. तबल्याचा ठेका राहतो, तबलजी राहत नाहीं. आमच्या मतें हा अपराध प्रत करण्याहून मोठा आहे. द्रव्य बुडालें तर तें भरून देतां येतें. नांव बुडालें, तर कोणास भरून द्यावयाचें हेंच कळेनासें होतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. इंटरनेटवरून पाठविण्यासाठीं ध्वनि बहुधा आटविलेला असतो. कानास सहसा न जाणवणारा भाग त्यांतून गाळलेला असतो. सीडीच्या नियमाप्रमाणें मात्र दर सेकंदास ४४,१०० नमुने भरावेच लागतात. म्हणून सीडी करतांना ध्वनीचा आकार अनेक पटींनीं वाढतो, पण गाळलेलें परत येत नाहीं. संग्रहाचेंही पुष्कळदां असेंच होतें. कपाट भरतें, श्रवण वाढत नाहीं.

पुणें आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकरांनीं रचलेलें व सुधीर फडके यांनीं स्वरबद्ध केलेलें ‘गीतरामायण’ वर्षभर प्रक्षेपित झालें. सामान्य घरांत तेव्हां मुद्रणाचें साधन नव्हतें. गीत ठरल्या वेळींच लागे, आणि श्रोत्यास आपला दिवस त्या वेळेशीं जुळवून घ्यावा लागे. फुकट मिळालेल्या गाण्याचें मोल तो अशा रीतीनें आपल्या अवधानानें चुकवीत असे. मुद्रणानें हें मोल माफ होत नाहीं. त्यास फक्त मुदत मिळते. रात्रपाळीचा कामगार किंवा रुग्णाच्या उशाशीं बसलेली स्त्री यांस ती मुदत मिळालीच पाहिजे, आणि यंत्रानें ती दिली हा त्याचा उपकारच आहे. परंतु कधींही न ऐकण्यासाठीं राखणें, हें देणें बुडविणेंच होय.

आणि ही मुदत अमर्याद नाहीं. घरीं केलेल्या सीडींत ध्वनीच्या खुणा रंगद्रव्याच्या एका पातळ थरांत उमटलेल्या असतात. ऊन, उष्मा व दमट हवा यांनीं तो थर विटतो. तेव्हां ज्यानें राखलें आहे, त्यानें तें ऐकावें, नांवांसह सांभाळावें आणि आपल्यामागून तें कोणाच्या हातीं जावयाचें हेंही ठरवून ठेवावें. एवढें जो करील, त्याच्या कपाटास चोराचें कपाट म्हणण्याचा अधिकार आम्हांस तरी वाटत नाहीं.