‘नाहीतरी’ या शब्दाविषयी

बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली एक वृत्तान्त प्रसिद्ध केला. तीव्र रक्तकर्करोगाने ग्रासलेल्या १६ बालकांना त्यांनी ॲमिनोप्टेरिन हे औषध टोचले होते. दहांना उतार पडला, पण तो तात्पुरता ठरला. त्याच वाटेने पुढे आलेल्या रसायनोपचारांनी असंख्य मुले वाचली. तेवढ्याने तो प्रयोग न्याय्य ठरतो काय?

२०२२ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. टी-पेशींचा कर्करोग झालेल्या १३ वर्षांच्या मुलीवर रसायनोपचार व अस्थिमज्जारोपण निष्फळ ठरले होते. निरोगी दात्याच्या टी-पेशींतील जनुकांची काही अक्षरे बदलून त्या पेशी रोगावर सोडण्यात आल्या. (हा बदल केला नसता, तर त्यांनी एकमेकींनाच मारले असते!) २८ दिवसांत रोग दिसेनासा झाला, मग दुसरे अस्थिमज्जारोपण झाले.

‘नाहीतरी मूल जाणारच, मग गमावण्यासारखे काय उरले?’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. मरणोन्मुख बालकाजवळही पुष्कळ काही असते: घरचे चार दिवस, आईची कूस, वेदनेविना झोप. होकार देणारे आईबाप हे सारे पणाला लावतात, आणि तसे त्यांना आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्यावरील उपचाराचा इतरांना उपयोग होईल, असे त्या मुलीने स्वतःच म्हटले होते. असे दान कृतज्ञतेने घ्यावे. मागण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. तान्ह्या मुलाला तर विचारताही येत नाही. तिथे डॉक्टरांनी आणि आईबापांनी एवढेच पाहावे की, या सुईत या मुलासाठी काही आशा आहे काय?